पाच नंबरची खाट

"सह्या वेगवेगळ्या पेनानं कर," जेजुरकर मॅडम म्हणाल्या. "वर्षभराचं मस्टर एकाच शाईत भरलंस तर आंधळ्यालाही कळेल."

मॅडम त्या हॉस्पिटलच्या मेट्रन, म्हणजे सगळ्या नर्सांच्या वरिष्ठ. त्यांनी टेबलावर तीन पेनं ठेवली होती आणि हजेरीचं मस्टर माझ्याकडे सरकवलं होतं. मी जूनपासून सुरुवात केली. खऱ्या जूनमध्ये मी करमाळ्याला वडिलांच्या शिलाई मशीनशेजारी बसून ब्लाउजांना हुक लावत होते. मस्टरातल्या जूनमध्ये मात्र मी आयसीयूत ड्युटीवर. ऑगस्टात मला टायफॉइड झाला होता, तेव्हाही आयसीयूत हजर. दिवाळीत हजर, संक्रांतीला हजर. मॅडमनी वाकून बघितलं आणि हसल्या.

"अगं, मधे दोन-चार रजा टाक. एवढी गुणाची कुणी असते होय?"

मीही हसले. खोटं कशाला सांगू, मला तेव्हा ना भीती वाटली ना लाज. आनंद झाला होता. एका बैठकीत मला वर्षभराचा अनुभव मिळत होता, आणि त्या अनुभवापायीच तर मी आठ महिने वणवण करत होते.

नर्सिंगचा डिप्लोमा पहिल्या वर्गात झाला होता, कौन्सिलची नोंदणी झाली होती, आणि अकरा हॉस्पिटलांच्या पायऱ्या चढून उतरून झाल्या होत्या. सगळीकडं एकच प्रश्न, आयसीयूचा अनुभव आहे का? नाही म्हटलं की, मग अनुभव घेऊन या. अरे बाबांनो, कुणी आत घेतल्याशिवाय अनुभव काय झाडाला लागतो का? जनरल वॉर्डात एक-दोन ठिकाणी घेत होते, पण मला आयसीयूच पाहिजे होतं. शिकत असताना सरकारी हॉस्पिटलात सहा आठवडे आयसीयूत काढले होते. तिथं एका बाईचं थांबलेलं हृदय आमच्या सिस्टरनी छाती दाबून दाबून परत चालू केलेलं मी या डोळ्यांनी बघितलं होतं. त्या दिवशीच ठरवलं, करायचं तर हेच. पण ठरवून पोट भरत नाही. वडिलांनी मेपर्यंतची मुदत दिली होती. तोवर नोकरी लागली नाही तर गावातल्या डॉक्टरांकडं जायचं. इंजेक्शनं द्यायची, केसपेपर काढायचे, दवाखाना झाडायचा आणि डॉक्टरांच्या मुलाला बालवाडीतून घरी आणायचं. एप्रिलचे पंधरा दिवस उलटले होते.

"हे बघ नवगिरे," मॅडमनी मस्टर मिटलं. "आमचं मेडिकल कॉलेज नवं आहे. उद्या मान्यतेसाठी तपासणी. साहेबांना खाटा भरलेल्या दिसल्या पाहिजेत आणि खाटांपाशी नर्सा दिसल्या पाहिजेत. तुम्ही बावीसजणी आला आहात. तपासणी पार पडली की त्यातल्या चौघींना आयसीयूत कायम करणार. त्या चौघी कोण, ते मी ठरवणार. कळलं?"

"कळलं, मॅडम."

"काय कळलं?"

"गडबड करायची नाही."

"शहाणी आहेस," मॅडम म्हणाल्या.

त्या हॉस्पिटलचं नाव घेत नाही. या गोष्टीला सोळा वर्षं झाली. आता मीच पुण्यात एका आयसीयूची इन्चार्ज आहे, आणि नव्या मुली समोर येऊन बसल्या की अनुभव आहे का हा प्रश्न माझ्या तोंडून काही केल्या निघत नाही. शेजारच्या वॉर्डातली मंडळी म्हणतात, नवगिरे सिस्टर मुलाखत घेत नाहीत, चहा पाजतात. म्हणू देत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पेशंट आले. दोन बस भरून. ऊसतोडीची माणसं पुरवणारा जो मुकादम होता, तोच या लोकांनाही घेऊन आला होता. तोडणी संपली होती, वाडीवस्तीवरची माणसं रिकामी होती. दिवसभर खाटेवर झोपायचं, दुपारी जेवण, संध्याकाळी दिवसाचा रोज हातात. बायका वरच्या मजल्यावर, पुरुष खाली. मुकादम जनावरं मोजावीत तशी माणसं मोजत होता, आणि माणसं हसत-खिदळत लुगडी-धोतरं सोडून हॉस्पिटलचे हिरवे कपडे घालत होती.

आयसीयूत दहा खाटा. माझ्या वाट्याला पाच नंबरची आली. तिच्यावर बिरू वाघमोडे नावाचे आबा येऊन बसले. सत्तरी गाठलेला, काटकुळा, मिशा पांढऱ्याफेक, उन्हातान्हात मेंढरांमागं हिंडून रापलेला माणूस. त्यांनी गादी हातानं दाबून बघितली.

"मऊ हाय गं. पोरी, मला काय झालंय ते तरी सांग."

मी फाइल उघडली. फाइल आधीच लिहून तयार होती. "तुम्हाला हार्ट अटॅक आलाय, आबा. परवा."

"आरं तिच्या! मग घरच्यास्नी कळवलं का न्हाय?"

मला हसू आवरेना. आबा म्हणाले, "आन् आमची सोजर वर गेलीय, तिला काय झालंय?"

"बायकांच्या वॉर्डात सगळ्यांना पोटाचं ऑपरेशन दिलंय वाटतं."

"चला. चाळीस-पन्नास वर्सांच्या संसारात दोघंबी एकदम कंदी आजारी पडलो नव्हतो. तेबी झालं."

मी त्यांना सलाईन लावलं, म्हणजे सुई न टोचता नळी मनगटाला चिकटपट्टीनं चिकटवली. नाकातोंडावर मास्क चढवला, त्यात ऑक्सिजन नव्हता. डोक्याशी मॉनिटर होता. त्याच्या वायरी अजून आल्याच नव्हत्या, म्हणून मशीनवाल्यानं सकाळीच दहाही मॉनिटर डेमोवर टाकून ठेवले होते. नवं मशीन विकताना गिऱ्हाईकाला दाखवतात तसं. पडद्यावर ठोके बहात्तर, ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव, आणि हिरवी रेघ नाचतेय. पेशंट असो नसो, रेघ नाचतेच.

आबांना गप्प पडणं जमेना. साडेनऊच्या सुमारास म्हणाले, "पोरी, सायबानं काय विचारलं तर? मुकादम म्हनला, छाती धरून कण्हा. पर कसं कण्हू? मला काय ठाऊक अटॅक कसा आसतो?"

आता इथं माझी हौस आडवी आली. पहिला वर्ग मिळवलेली मी! वाटलं, आपला पेशंट चारचौघांत उठून दिसला पाहिजे. मॅडमच्या नजरेत भरलं पाहिजे.

"बोटानं दुखतंय असं दाखवायचं नाही, आबा. अशी मूठ करायची आणि छातीच्या मधोमध ठेवायची. दगड ठेवल्यासारखं जड वाटतं म्हणायचं. मग कळ डाव्या हातात उतरते. हनुवटीपर्यंत चढते. आणि मोठ्यानं ओरडायचं नाही. खऱ्या पेशंटला ओरडायला दम नसतो."

आबांनी मूठ छातीवर ठेवली, डावा हात धरला, हनुवटीला हात नेला. तीनदा करून घेतलं मी. तिसऱ्यांदा इतकं झकास केलं की शेजारच्या खाटेवरचा पेशंट म्हणाला, "बिरूबा, तमाशात जायाचं सोडून मेंढरं का राखलीस?" सगळे हसले. मीही हसले. तो हशा अजून माझ्या कानात आहे.

सव्वादहाला निरोप आला की साहेब मेडिसिनच्या वॉर्डात आहेत, आता आयसीयूकडं येतील. सगळ्यांनी डोळे मिटले. मी चार्टावर आकडे भरत उभी होते. आबांकडून हालचाल जाणवली म्हणून बघितलं, तर त्यांनी मूठ छातीवर ठेवली होती.

"अजून नाही, आबा," मी हळूच म्हटलं. "साहेब दारात आले की मी खुणावते."

त्यांनी डावा हात धरला.

"आबा, दमून जाल. थांबा म्हणते ना."

मास्कच्या आतून ते काहीतरी पुटपुटले. मी वाकले.

"दगुड," ते म्हणाले. "दगुड ठेवलाय गं."

"हां, अगदी असंच म्हणायचं," मी म्हणाले, आणि त्यांच्या खांद्यावर थोपटलं. देवा, मी त्यांना शाबासकी दिली.

थोपटलं, आणि हात ओला झाला. हिरवा शर्ट घामानं चिंब. एप्रिलचा महिना होता खरा, पण आत एसी चालू होता. मी कपाळाला हात लावला. गार. मटक्याच्या तळासारखं गारढोण आणि ओलं. मनगट धरलं तर नाडी बोटांना लागेना. लागली ती सुतासारखी आणि वेडीवाकडी. मी मॉनिटरकडं बघितलं. बहात्तर. अठ्ठ्याण्णव. रेघ नाचतेय. एक क्षण, मी शपथेवर सांगते, मला त्या रेघेचा आधार वाटला. मग आठवलं, ती रेघ डेमोची आहे.

मॅडम दाराशी उभ्या होत्या. मी पळत नाही गेले, चालत गेले. पळाले असते तर कुणीतरी बघितलं असतं.

"मॅडम, पाच नंबरचा पेशंट खरा आहे."

"खरा म्हणजे?"

"खरंच अटॅक आलाय. घाम सुटलाय, नाडी लागत नाही. खऱ्या अपघात विभागात न्यायला पाहिजे. आत्ताच्या आत्ता."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. त्या वाईट बाई नव्हत्या हो. त्यांचा चेहरा क्षणभर पडला, तो मी पाहिला. मग त्यांनी व्हरांड्याकडं बघितलं. तिकडून बुटांचे आवाज येत होते.

"दहा मिनिटं," त्या म्हणाल्या. "साहेब गेले की नेऊ. आता स्ट्रेचर काढलं तर सगळं उघडं पडेल. तुझं मस्टर, माझी सही, सगळं. जा, उभी राहा खाटेपाशी."

"मॅडम, दहा मिनिटं..."

"नवगिरे. जा."

मी गेले. मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. पाय माझे होते, ते मॅडमचं ऐकून पाच नंबरपाशी जाऊन उभे राहिले.

साहेब आले. तिघं होते. बाहेरच्या राज्यातले, हिंदी बोलणारे. पुढचे जाडसर, चष्मेवाले, ते खाटा मोजत मोजत आले आणि नेमके पाचपाशी थांबले. आबांनी डोळे उघडे ठेवले होते. त्यांनी साहेबांकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघत होते. त्यांचा उजवा हात चादरीखालून निघाला आणि माझं मनगट धरलं.

"सिस्टर, क्या केस है?"

मला पाठ होतं. "हार्ट अटॅक, सर. तीसरा दिन. इंजेक्शन दिया है."

"अभी कैसा है?"

साहेबांनी मॉनिटरकडं बघितलं. मी मॅडमकडं बघितलं. मॅडमच्या मागं बावीसमधल्या सात-आठजणी ओळीनं उभ्या होत्या. एका वाक्याचा खेळ होता. सर, ये मर रहे हैं. हिंदी मला चांगली येत होती. मोठ्यानं म्हटलं असतं तर तो डॉक्टर होता, कसाही असला तरी डॉक्टर होता, त्याला वाकून बघावंच लागलं असतं. हे सगळं मला तेव्हाच, त्याच क्षणी कळत होतं. नंतर सुचलेलं नाही हे.

"स्टेबल है, सर," मी म्हणाले.

साहेबांनी माझ्या मनगटावरचा आबांचा हात बघितला. "अच्छा है," ते म्हणाले. "पेशंट को सिस्टर पे भरोसा है." आणि सहा नंबरकडं गेले.

साहेबांची पाठ दाराबाहेर पडली आणि मनगटावरची पकड सुटली. आबांची मान कलली. मी खाटेवर चढले. काही विचारलं नाही कुणाला, गुडघ्यावर बसले आणि छाती दाबायला लागले. कुणीतरी औषधांची ट्रॉली ढकलत आणली. खण उघडले तर नुसते रिकामे खोके, वरती नावं लिहिलेले. शॉक द्यायचं मशीन होतं, पण ते सुरूच होईना. आयसीयूचे डॉक्टर म्हणून जे उभे केले होते ते कातडीचे डॉक्टर. ते बिचारे धावत आले, मास्कची पिशवी दाबू लागले आणि "किती झालं, किती झालं?" एवढंच विचारत राहिले. माझ्या मनगटाला वळ उठले होते. मी दाबत होते. शिकताना पाहिलेल्या त्या सिस्टरसारखी, मोजत, एक, दोन, तीन. आबांची एक बरगडी मोडलेली मला हाताखाली कळली. तरी दाबत होते.

बाहेर मुकादमाचा आवाज आला, "झालं, झालं! मोजणी झाली! जेवून घ्या, गाड्या लागल्यात!"

खाटांवरचे पेशंट उठून बसले. मास्क काढून, चिकटपट्ट्या ओढून काढून ते आमच्याकडं बघत राहिले. तेवढ्यात दारातून एक म्हातारी आत आली. हिरवा झगा, त्यावरून स्वतःचा पदर, आणि दोन्ही हातांत जेवणाची एकेक पुडी. ती सरळ पाच नंबरपाशी आली. माझ्याकडं जरा वेळ बघत उभी राहिली. मग अगदी मायेनं म्हणाली,

"आगं लेकी, सायेब गेलं की. आता कशाला दाबतियास?"

माझे हात थांबले नाहीत.

"आवो, उठा. पोरगी दमली बघा तुमच्यापायी. भात गार व्हतोय."

डॉक्टरांनी पिशवी बाजूला ठेवली. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा मी थांबले. सोजरबाईंनी एक पुडी उशाशी ठेवली आणि मोकळ्या हातानं नवऱ्याचं पाऊल चाचपलं, झोपेतल्या माणसाला उठवताना चाचपतात तसं.

"ह्यांचं पाय गार कशानं पडलं?" तिनं विचारलं. मला विचारलं. मी पाच नंबरची नर्स होते ना.

मी म्हणाले, "आबा गेले."

"कुठं?" ती म्हणाली.

पुढचं मी सांगू शकते, पण सांगवत नाही. त्या म्हातारीला ओरडायलाही वेळ लागला. तिला खरंच वाटेना. ती एकदा माझ्याकडं बघे, एकदा रिकाम्या ट्रॉलीकडं, एकदा त्या नाचणाऱ्या रेघेकडं. "ती रेग चालूय की," म्हणाली. मशीनवाल्यानं धावत येऊन मॉनिटर बंद केला.

दुपारी मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं. आबांची फाइल टेबलावर होती. परवा हार्ट अटॅक आला, दाखल केलं, उपचार केले, सगळं आधीच लिहिलेलं. एवढी नीट फाइल मी पुढं आयुष्यात कमी बघितली. फक्त शेवटची ओळ लिहायची राहिली होती.

"तिसऱ्या दिवशी पुन्हा अटॅक येतो. येतो की नाही?" मॅडम माझ्याकडं न बघता म्हणाल्या. "प्रयत्न केले, यश आलं नाही. वेळ टाक आणि सही कर. म्हातारीला आपल्या ॲम्ब्युलन्सनं वस्तीवर पोचवलंय. मुकादम बघेल पुढचं."

"तिला काय सांगितलं?"

"खरं तेच सांगितलं. अटॅक आला."

मी वेळ टाकली. दहा पन्नास. सही केली. या वेळी कुठलं पेन वापरावं ते मला कुणी सांगितलं नाही.

तीन दिवस मी हॉस्टेलच्या खोलीत होते. डोळे मिटले की हाताखाली ती बरगडी मोडायची. सोबतच्या मुली म्हणायच्या, तुझा काय दोष गं, तू तर शेवटपर्यंत दाबत होतीस. त्यांना काय माहीत? त्यांनी मी दाबताना बघितलं होतं, स्टेबल म्हणताना ऐकलं नव्हतं. किंवा ऐकलं असेल, पण त्यांच्या खाटेवरचे खोटे पेशंटही स्टेबलच होते ना. मी एक वाक्य पाठ करून ठेवलं: मॅडम, मला इथं काम करायचं नाही, मी त्या बाईला जाऊन सगळं सांगणार आहे. आरशापुढं म्हणून बघायची. आरशापुढं नीट यायचं.

चौथ्या दिवशी मॅडमनी बोलावलं. तपासणी पास झाली होती. ऑफिसात पेढ्यांचा बॉक्स उघडा होता.

"बस," मॅडम म्हणाल्या. त्यांनी एक कागद माझ्यापुढं ठेवला. वर माझं नाव टाइप केलेलं, दैवशाला बाबूराव नवगिरे, स्टाफ नर्स, अतिदक्षता विभाग. "चौघींत तुझं नाव पहिलं घातलंय मी. वरच्यांनी विचारलं, हीच का? मी म्हटलं, ऐन वेळेला डोकं ठिकाणावर ठेवणारी मुलगी आहे. अशी माणसं आयसीयूत लागतात."

ते पाठ केलेलं वाक्य माझ्या जिभेवर होतं. अगदी पहिल्या शब्दापासून होतं. मी तोंड उघडलं. कागदावरची ती अक्षरं माझी होती, अकरा ठिकाणी मागून न मिळालेली. वडील मशीन थांबवून हा कागद सगळ्या आळीला वाचून दाखवतील, ते मला दिसत होतं. आणि मला माझी किळस आली.

"काही विचारायचंय?" मॅडम म्हणाल्या.

"युनिफॉर्म हाच घालू का, मॅडम?" मी विचारलं. "की नवा मिळेल?"

"हाच घाल," त्या म्हणाल्या. "धुऊन घे."

मी धुऊन घेतला.